साप साप म्हणून अंबाडी धोपटू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उसाच्या फडात गांजा सापडल्याची बातमी आली की सोबत एक छायाचित्र असतं. चार पोलीस, त्यांच्या पुढ्यात उपटून टाकलेली झाडं आणि त्यांची ती पाच बोटांची पानं. आमच्या कॉलनीने हे छायाचित्र फार मन लावून बघितलेलं दिसतं. कारण गेल्या वर्षी भादव्यात माझ्या कंपाउंडवरून तशीच पानं डोकवायला लागली आणि कुणीतरी थेट पोलिसांना फोन केला. ती अंबाडी होती. लसणीची फोडणी देऊन, ज्वारीच्या कण्या घालून करतात ती आंबट भाजीची अंबाडी.

मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं चिटबॉय होतो. गावोगाव फिरून कुणाचा ऊस किती, लागण कधीची, खोडवा की आडसाली हे टिपायचं काम. आता कळंब्याच्या बाजूला घर बांधून राहतो. घराच्या मागे वीस फूट लांबीची मोकळी पट्टी आहे. तिथे अंबाडी लावायचं डोक्यात आलं ते नातवामुळे. बेंदराला गावी गेलो असताना त्याने बैलाचा कासरा हातात धरून विचारलं, "आजोबा, हे कुठल्या दुकानात मिळतं?" तो कासरा नायलॉनचा होता, त्यामुळे पोराचं काही चुकलं नव्हतं. पण माझे वडील कासरा, दावं, म्होरकी सगळं घरी वळत. बांधावर अंबाडी असे, ती कापून ओढ्यात कुजत घालत, मग सोलून वाख, म्हणजे धागा, काढत आणि मांडीवर पीळ देत बसत. म्हटलं, पोराला एक तरी दोरी जमिनीतून उगवलेली दाखवावी.

पहिल्या वर्षी पचका झाला. पट्टीत बांधकामाचा मुरूम होता, म्हणून वर कारखान्याचं ताजं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, पसरलं. आयुष्यभर कारखान्यात काढलेल्या माणसाने असं करावं! कच्चं प्रेसमड मातीत गेलं की तापतं. रोपं चार पानांवर येऊन करपली. दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. कुदळीने दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर काढला. खाली पालापाचोळा, त्यावर नदीकाठची गाळाची माती आणि वर्षभर कुजलेलं शेणखत निम्मंनिम्म. दोन पाट्या जुनं, भुगा झालेलं प्रेसमड. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख मात्र ओंजळभरच, कारण राख जास्त झाली की माती खारवटते.

खत म्हणून जीवामृत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींचं एकराचं माप दोनशे लिटर पाण्याचं आहे, माझी पट्टी ती केवढी, म्हणून सगळं दहाव्या हिश्श्याने घेतलं. वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे ग्रॅम गूळ. गुळासाठी कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. फक्त पिवळाधमक, दिसायला देखणा गूळ घेऊ नका, काळा घ्या. सावलीत दोन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक रोपाच्या बुडात एक तांब्या, तोही माती ओली असताना. मधे दोनदा शेंगपेंड भिजवून घातली. त्याने पानं अशी काही काळीभोर झाली की तुडतुडे लगेच पंगतीला बसले. मग पेंड बंद आणि निंबोळी अर्काची फवारणी सुरू.

पण मला विचाराल तर झाड खतावर नाही वाढलं, पाण्यावर वाढलं. म्हणजे पाणी न देण्यावर. आमच्याकडे नळ आला की लोक पाइप धरून झाडांना आंघोळ घालतात. जुना शेतकरी पाणी बघत नाही, वापसा बघतो, म्हणजे मातीतली बेताची ओल. बोटभर खालची माती मुठीत घ्या, दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर वापसा आहे. चिखलासारखा चिकटून बसला तर पाणी जास्त आहे. गोळाच होत नसेल तर द्या पाणी. मी मृगाच्या आधी बी टोकलं. पाऊस लांबला तेव्हा आठवड्यातून दोनदा, पण रोपामागे पुरी कळशी, तीही हळूहळू मुरू देत. रोज चूळभर पाणी घातलं की मुळं वरच राहतात, खोल जायला त्यांना कारणच उरत नाही. आषाढात उलट काम. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की सगळं कोल्हापूर पाणी मोजतं, मी माझ्या पट्टीतलं मोजत होतो. अंबाडीच्या बुडात पाणी साचलं की खोड काळं पडून कुजतं. एका रात्री छत्री धरून टिकावाने कंपाउंडच्या कडेला चर मारला. बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, त्या नऊ झाडांसाठी निमोनिया करून घ्याल."

नऊच्या नऊ जगली. भादव्याच्या उन्हात जी सुटली ती सुटलीच. सर्वांत उंच झाड अकरा फूट भरलं, शिडी लावून टेपने मोजलं आहे. माझी एक चूक मात्र झाली होती. वाख पाहिजे असेल तर अंबाडी दाट पेरावी लागते. झाडं एकमेकांशी चढाओढ करत सरळ जातात आणि सोटासारखा लांब, बिनफांदीचा वाख मिळतो. मी दोन-दोन फुटांवर लावली. ती वर गेलीच, वर आडवीही पसरली आणि सहा फुटी भिंतीवरून शेजारच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेली.

त्या खिडकीत एक भाडेकरू तरुण राहतो. मुलगा चांगला आहे. त्याने मोबाईलवर पानाचा फोटो काढला आणि झाडं ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. ॲपने उत्तर दिलं, हिबिस्कस कॅनाबिनस. उत्तर शंभर टक्के बरोबर! लिनियसने १७५९ साली अंबाडीला दिलेलं हेच नाव. हिबिस्कस म्हणजे जास्वंदीचं घराणं, कॅनाबिनस म्हणजे भांगेसारखी. पानं तशी दिसतात म्हणून. या पोराने निम्मंच नाव वाचलं आणि घरमालकाला दाखवलं. फोन नेमका कुणी केला हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही. एवढंच सांगतो की गौरी-गणपती उरकून चारच दिवस झाले होते आणि ऋषिपंचमीला त्याच घरात माझ्या त्याच झाडांची अंबाडी घालून ऋषीची भाजी शिजली होती. बैलाच्या कष्टाचं चालत नाही म्हणून, कुदळीने खणलेल्या जमिनीतली म्हणून, मुद्दाम मागून नेली होती.

दोघे पोलीस आले. एक तरुण, एक निवृत्तीला आलेला. तरुणाने आधी फोटो काढले, मग दरडावून विचारलं, "काका, ह्ये काय लावलंयसा?" मी म्हटलं अंबाडी. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. मी म्हटलं पंधरा-वीस दिवस थांबा, दिवस लहान झाला की फूल येईल, मग तुम्हीच ओळखाल. तर म्हणाला, "पंधरा दिवस काय इथं मुक्काम करू?" गेटपाशी तोवर दहा-बारा माणसं गोळा झाली होती. एकतीस वर्षं मी लोकांच्या उसाच्या नोंदी केल्या, एका गुंठ्याचा आरोप कधी अंगावर आला नाही, आणि आता माझ्याच दारात माझ्याकडे बघून लोक कुजबुजत होते. कायदा मला माहीत आहे. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, गांजाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. पाय लटपटले, खोटं कशाला सांगू.

थोरले हवालदार आतापर्यंत गप्प होते. ते झाडाजवळ गेले, देठावरून अंगठा फिरवला, तिथली बारीक काटेरी लव टोचली तशी झटकन हात मागे घेतला. मग शेंड्याचं कोवळं पान खुडलं, पँटला पुसलं आणि तोंडात टाकलं. चावता चावता त्यांचा एक डोळा मिटला. "आंबट हाय की वो," ते त्या तरुणाला म्हणाले. "आमची आई करायची कण्या घालून. चल." जाताना त्यांनी दोन जुड्या नेल्या. मी देतच होतो, त्यांनी पैसे काढले, ते मी घेतले नाहीत.

असा हवालदार प्रत्येकाच्या नशिबी असेलच असं नाही, म्हणून हे पत्र. (आणि सगळ्यांनी अनोळखी पानं चावत सुटू नये.) संपादक महोदय, गांजाच्या बातमीसोबत आपण पानाचं चित्र छापता, त्याच्या शेजारी एकदा अंबाडीचं पानही छापा. गांजाच्या पानातली बोटं म्हणजे सुटी पानंच असतात, देठाच्या टोकाला येऊन मिळतात. अंबाडीचं पान कितीही खोल चिरलेलं असलं तरी तळाशी एकसंध असतं, आपला तळहात असतो तसं. कडेच्या दात्यांवरून ओळखायला जाऊ नका, ते दोघांनाही असतात. अंबाडीचीच खालची पानं बघा, ती बऱ्याचदा बिनचिरलेली, बदामी आकाराची असतात, तशी गांजाला नसतात. आणि फूल आलं की वादच मिटतो. भेंडीच्या फुलासारखं फिकट पिवळं, मध्यभागी गडद तांबडं, सकाळी उमलणारं. गांजाला असं फूल कधीच येत नाही, त्याचे तुरे हिरवे आणि उग्र वासाचे.

पोलिसांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. तक्रार आली तर त्यांना यावंच लागणार. पण येताना कृषी सहायकाला फोन लावावा, आणि फोटो काढायचे ते नंतर काढावेत. माझ्या दारातला एक फोटो कॉलनीच्या ग्रुपवर तासाभरात फिरला. "अंबाडी निघाली" हा निरोप मात्र त्या ग्रुपवर अजून पोचलेला नाही.

या प्रकाराचा आणखी एक ताप झाला. कुठून तरी माझा नंबर मिळवून एका गृहस्थाने फोन केला. म्हणे काका, तुमचा हात चांगला आहे, हेम्पची, म्हणजे कमी नशेच्या भांगेची, करार शेती करा, उत्तराखंडात कायदेशीर आहे, एकरी लाखो रुपये. उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवानगी दिली हे खरं, पण ती सरकारी परवान्यानेच, आणि नशेचा घटक ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या वाणाला. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ मध्ये वाखासाठी आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची सोय आहे, पण ती परवानगी सरकारने द्यायची, फोनवरच्या माणसाने नव्हे. आपल्या भागाने इमूपालनाच्या आणि कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली लोकांचे पैसे बुडालेले पाहिले. तेव्हा कुणी आगाऊ पैसे घेऊन बी विकायला आलं तर आधी परवान्याचा कागद मागा. मी मागितला, फोन कट झाला.

दसऱ्यानंतर झाडं फुलली, तेव्हा निम्मी कापली, निम्मी बियांसाठी ठेवली. कुजत घालायला ओढा कुठला आणायचा, प्लास्टिकच्या बॅरलमध्ये घातली. पंधरा-सोळा दिवसांत साल सुटली. त्या पंधरा दिवसांत जो वास सुटला, त्याबद्दल शेजाऱ्यांनी केलेली तक्रार मात्र अगदी रास्त होती आणि मी माफी मागितली. फांद्यांमुळे वाख तुकड्या-तुकड्यांचा निघाला. तरी नातवाला मांडीवर पीळ द्यायला शिकवला आणि दोघांनी मिळून सात हात दोरी वळली. त्याची मांडी सोलून लाल झाली, पण उठला नाही.

यंदा पुन्हा लावली आहे, या खेपेला दाट. भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "ही अंबाडी आहे." परवा सकाळी फिरायला निघालेले दोघे तिथे थांबले, वाचलं, आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "लिहून ठेवलंय म्हंजे नक्कीच काय तरी असणार."

आपला नित्याचा वाचक,
एक निवृत्त चिटबॉय, कळंबा, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती. कॉलनीला कळायचं ते कळेलच.)