चावी कुणाकडे आहे, साहेब?

माननीय मंत्रिमहोदय यांस,
सविनय जय भीम.

काल दुपारी आपल्या खात्याकडून संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ तासाभरानं, आमच्याच कॉलनीतून अरुणाचलातल्या तवांगला गेलेल्या मंडळींनी वाटेवरच्या आपल्या बंद स्वच्छतागृहाचा फोटो पाठवला. तेच कुलूप, तोच गंज. ‘आठ दिवसांत उघडतो’ असं फोनवर सांगणारे आपले साहेब आता फोन उचलत नाहीत. तेव्हा निकाली नेमकं काय काढलंत, तक्रार की मला?

माझी आई 73 वर्षांची. 1956 साली दीक्षाभूमीवर ती आजोबांच्या खांद्यावर बसून गेली होती, चार वर्षांची. तवांगचा मठ पाहायचा हे तिनं कधीपासून मनात धरलेलं. नोव्हेंबरात गेलो. गुवाहाटीहून साडेचारशे किलोमीटर म्हणतात, ड्रायव्हर पाचशे म्हणाला, माझ्या कमरेच्या हिशेबानं हजार. अरुणाचलात शिरायचा परवाना मात्र चोख तपासला. तो 1873 च्या नियमानं लागतो म्हणे. दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी कलम अजून चालतं, साहेब, आणि तुमचं गेल्या वर्षीचं स्वच्छतागृह चालत नाही!

सेला खिंडीच्या चढावर एका वळणाला ते आहे. गुलाबी भिंती, बाहेर काळ्या ग्रॅनाइटवर लोकार्पणाची अकरा नावं, दाराला कुलूप. आई म्हणाली, “काहून लावलं बा कुलूप? इथं काय चोरीला जाते?” मागच्या दिरांग गावापासून अंग आवरून बसलेली बाई ती, त्यात मधुमेह. शेवटी मी शाल धरली आणि ती मागच्या दगडाआड गेली. तिथं काचेसारखा बर्फ होता. पाय सरकला, उजवा हात टेकला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज मी ऐकला. पडल्यापडल्या तिनं आधी लुगडं सावरलं, मग हात पाहिला.

पुढे जसवंतगडला जवानांनी पुठ्ठ्याची खपची बांधून दिली. 1962 च्या लढाईतल्या जसवंतसिंह रावतांचं ते स्मारक. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथं चहा मिळतो. आईच्या डाव्या हातात कप धरवेना, तर एका पोरानं अर्धा ओतून दिला. सीमा राखणाऱ्यांना हे जमतं. आपलं खातं फलक राखतं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती मठात गेलीच. मेराक लामांनी 1680-81 मध्ये उभारलेला मठ. त्यांच्या घोड्यानं जागा निवडली अशी कथा. प्रार्थनाचक्रं उजवीकडे ठेवून चालायचं असतं, आणि हिचा उजवाच हात बांधलेला. ती चक्रांपुढे नुसती उभी राहिली. मागून तिथल्या मोनपा जमातीची एक आजी आली, डोक्यावर याकच्या केसांची, शेपट्या लोंबणारी काळी टोपी. काही न बोलता तिनं आईचं कोपर धरलं आणि प्रत्येक चक्र दोनदा फिरवत गेली, एकदा स्वतःसाठी, एकदा आईसाठी. आत उंच बुद्धमूर्तीसमोर आई बराच वेळ बसली. तिचा राग तिथंच गेला असावा. माझा मी नागपूरला परत आणला.

मी 26 वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे, त्यामुळे हे कुलूप मला अनोळखी नाही. बांधकामाला लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, असतं, मंडपाला, हारांना असतं. झाडूवालीच्या पगाराला नसतं. आमच्या कचेरीतलं नवं शौचालय साहेबांची तारीख मिळेना म्हणून सात महिने बंद होतं. आम्ही बाया शेजारच्या बँकेत जायचो. नागपूर काय, तवांग काय, फायलीचा दोरा एकच. 825 कोटींचा सेला बोगदा 2024 मध्ये सुरू झाला, छान झालं, अभिमान आहे. त्याच्या हजाराव्या हिश्शात, साडेब्याऐंशी लाखांत, किती संडास वर्षभर चालले असते ते काढा बघू! पर्यटकांत निम्म्या बाया असतील; पावच धरा. त्यांनी दिरांग ते तवांग पाणी प्यायचं नाही, असंच आपलं धोरण असेल तर तेही फलकावर लिहा.

मागणं मोठं नाही. चावी गावातल्या बायांच्या गटाकडे द्या, माणशी दहा रुपये घेऊ द्या. थंडीत नळ गोठतात, तेव्हा पिंपभर पाणी आणि एक बंब ठेवा. मागच्या दगडाशी कठडा घाला, कारण कुलूप निघेपर्यंत बाया तिथंच जाणार.

आपली,
एक निवृत्त कारकून, नागपूर

ता.क. हे लिहीत असतानाच आपल्या खात्याचा आणखी एक संदेश आला. निवारण कसं वाटलं, एक ते पाच तारे द्या म्हणतात. शून्याची सोय ठेवलेली नाही.