एका वर्षाच्या अध्यक्षाची गोष्ट

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास ना, १ जुलैपासून रोटरी क्लबचा अध्यक्ष होतोय खरा पण एका वर्षात काय होणार रे, जरा कुठे जम बसतोय तोवर जून येतो आणि अध्यक्षपदाची कॉलर दुसऱ्याच्या गळ्यात. ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल जरा, रात्री निवांत वाच.

तुला क्लेम रेनूफ माहितीये का? रोटरी सुरू करणाऱ्या पॉल हॅरिसचं नाव तुमच्यात सगळ्यांना पाठ असतं पण या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही आणि मला ते खरंच खटकतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा माणूस, जन्म १९२१ चा, इंगम नावाच्या ऊसवाल्या गावातला. पुढे नॅम्बूरला राहायला गेला, तेही साखर कारखान्याचं गाव, म्हणजे तुमच्याच पट्ट्यासारखं समज. पेशाने अकाउंटंट. आणि हा माणूस १९७८-७९ साली रोटरी इंटरनॅशनलचा, म्हणजे जगभरातल्या सगळ्या रोटरी क्लबांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्यालाही तुझ्यासारखं एकच वर्ष मिळालं होतं बरं का.

तोपर्यंत रोटरीची पद्धत अशी, की ज्याचा त्याचा क्लब आपापल्या गावाचं बघेल. कुणी पाणपोई, कुणी शाळेला बाकं, कुणी डोळ्यांचं शिबिर. सगळ्या जगातल्या क्लबांनी मिळून एक काम उचलायचं, हे बऱ्याच जुन्या लोकांना पटत नव्हतं. रेनूफने तरी थ्री-एच नावाचा कार्यक्रम सुरू केला, हेल्थ, हंगर, ह्युमॅनिटी, म्हणजे आरोग्य, भूक आणि माणुसकी यांच्यासाठी. आता हे तिन्ही शब्द एवढे मोठे आहेत की त्यात काहीही बसवता येतं, आणि तिथेच बरेच उपक्रम वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याने पुढे काय केलं बघ. विमानप्रवासात एका मासिकात त्याने देवी रोग जगातून कसा गेला यावरचा लेख वाचला, आणि त्याच्या मनात आलं की असा दुसरा कुठला रोग आपण संपवू शकतो का. संपवू शकतो का, हं! नुसती मदत नाही. आणि उत्तर त्याने स्वतः ठरवलं नाही. रोटरीतलेच डॉ. जॉन सेव्हर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक होते, त्यांना विचारलं. त्यांनी १९७९ मध्ये कळवलं, एकच लस निवडायची तर पोलिओची घ्या. ती तोंडातून द्यायची लस, सुई नाही, इंजेक्शन नाही, दुकानदार असो की मास्तर, थोडं शिकवलं की कुणीही थेंब पाजू शकतो. क्लबच्या साध्या मेंबरांना जमेल असं काम.

२९ सप्टेंबर १९७९ ला फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या मकाटीत सुरुवात झाली. तोवर रेनूफची टर्म संपलेली होती! पहिले थेंब पाजताना अध्यक्ष जेम्स बोमर होते. पाच वर्षांत साठेक लाख मुलांना लस द्यायची आणि रोटरीने त्यासाठी ७ लाख ६० हजार डॉलर द्यायचे असं ठरलं. मग १९८५ ला पोलिओप्लस ही रोटरीची जगभराची पोलिओ मोहीम आली, १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते आणि १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ संपवायचा ठराव केला. तेव्हा १२५ च्या वर देशांत दरवर्षी साडेतीन लाख लोक, बहुतेक लहान पोरं, पोलिओने लुळी पडत होती रे.

आता आपल्याकडचं सांगतो. आमची आई अंगणवाडीत होती हे तुला माहितीच आहे. पोलिओ रविवारी ती सकाळी सकाळी लशीची ती पेटी घेऊन बूथवर, आत बर्फाचे पॅक, आणि प्रत्येक बाटली उघडायच्या आधी लेबलवरचा, उष्णतेने गडद होत जाणारा छोटा चौकोन बघायची, तो भोवतीच्या गोलापेक्षा फिका असेल तरच लस चांगली, गोलाइतका गडद झाला की बाटली बाजूला. थेंब पाजले की डाव्या करंगळीला मार्कर. मग पुढचे दिवस घरोघर, दारावर खडूने ‘पी’ म्हणजे घरातली सगळी पोरं झाली, ‘एक्स’ म्हणजे कुणीतरी राहिलंय, परत जायचं. आणि तुमचे रोटरीवाले गाडी द्यायचे, बॅनर लावायचे, दुपारी बूथवर चहा-नाश्ता आणून द्यायचे. आई अजून त्या चहाची आठवण काढते.

२००९ ला भारतात ७४१ केसेस होत्या, जगात सगळ्यात जास्त. १३ जानेवारी २०११ ला हावड्याची ती शेवटची केस, आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. हे सगळं रेनूफने एकट्याने केलं असं मी मुळीच म्हणत नाही, खरं काम आईसारख्या लाखो बायकांनी उन्हातान्हात पायी फिरून केलं. पण एक नेमकी गोष्ट निवडायची आणि आपली टर्म संपल्यावर ती दुसऱ्यांच्या हातात सुखाने द्यायची, हे त्याचं. जून २०२० मध्ये ९९ व्या वर्षी तो गेला, आणि त्याच ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग जंगली, म्हणजे निसर्गातल्या मूळ पोलिओपासून मुक्त जाहीर झाला. आता पाकिस्तान आणि अफगाणिस्तान राहिलेत.

म्हणून म्हणतो, वर्षभराची यादी करू नकोस. तुमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे जाऊन बस, या भागातली कुठली एक गोष्ट आमच्या क्लबला खरोखर संपवता येईल असं विचार, आणि ते सांगतील ते ऐक. पुढच्या वर्षीचा अध्यक्ष ठरलाच असेल, त्यालाही बरोबर ने. डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव, मी गणपतीत चार दिवस येतोय, काम पडलं तर हक्काने सांग.

वहिनींना नमस्कार, काकांची तब्येत कशी आहे ते लिही.

तुझा मित्र