पॅटनचा बो-टाय

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

प्रदर्शनासाठी काढलेली ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या, जुन्या गायकांची तिन्ही चित्रं मिळाली. रंगावर तुझा हात बसलाय, त्याबद्दल काही बोलत नाही. पण मिसिसिपीचा गायक चार्ली पॅटन मला पटला नाही. फाटका सदरा, डोळ्यांत पाणी, मागे निळा काळोख. हे कुठून आणलंस? त्याचा एकच फोटो माहीत आहे आणि त्यात तो सूट घालून, बो-टाय लावून, मांडीवर गिटार घेऊन बसलाय. फोटो काढायचा म्हणून माणूस चांगले कपडे घालून गेला आणि तू ते उतरवून घेतलेस! ब्लूज म्हणजे दुःख, एवढंच ऐकलेलं तू रंगवलंस.

अमेरिकन व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्बची ब्लूज गायकांची कार्डं पुन्हा काढून बघ. १९८० साली याझू रेकॉर्ड्सने काढलेला ३६ कार्डांचा संच, पुढे गायकाचं चित्र आणि मागे ब्लूजचा अभ्यासक स्टीफन काल्टने लिहिलेली चार ओळींची माहिती. पॅटनचा पूर्ण फोटो त्यानंतर कितीतरी वर्षांनी उजेडात आला, तेव्हा फक्त चेहरा माहीत होता. म्हणजे क्रम्बकडे तुझ्याहून कमी सामग्री होती. तरी त्याने रडारड घातली नाही. कारण तो आधी ऐकणारा होता. बँजो आणि मँडोलिन वाजवायचा, सत्तरच्या दशकात त्याने स्वतःचा बँड काढला, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं तर त्याला वेडच. टाय, टोपी, गिटारवरची बोटं हे सगळं तो हिशेबाने काढतो.

हे ब्लूज गायक पोटासाठी गात होते, आणि आपण कसे दिसतो याचं त्यांना चांगलं भान होतं. ब्लूज गायिका मा रेनीच्या गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ असायची, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखी. ती माळ काढताना एकेक नाणं काढ.

रेनी आणि पॅटन दोघांच्याही तबकड्या पॅरामाउंटने काढल्या. ही कंपनी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. त्यांनी फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवायला घेतली, मग कपाटं खपावीत म्हणून तबकड्या. माल हलका होता, म्हणून आज ऐकताना गाण्याआधी खरखरच कानावर येते. गायकांना बहुधा एकरकमी पैसे मिळायचे, पुढच्या विक्रीत वाटा नाही. १९३२ मध्ये कंपनीने ध्वनिमुद्रण थांबवलं. १९३४ मध्ये पॅटन गेला. मिसिसिपीतल्या हॉली रिज इथल्या त्याच्या कबरीवर दगड बसला तो १९९० मध्ये!

आता एक अडचणीची गोष्ट. याच क्रम्बने साठच्या दशकात कृष्णवर्णीयांची अत्यंत ओंगळ व्यंगचित्रं काढली आहेत. वर्णद्वेषाची खिल्ली उडवत होतो, असं त्याचं समर्थन करणारे म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. पण कार्डांवर त्याच माणसाने आपला हात आवरला, एकही चेहरा वेडावाकडा केला नाही, हेही दिसतं. दोन्ही लक्षात ठेव. कार्डं आवडली म्हणून बाकीचं माफ करू नकोस.

तुलाही कोणीतरी विचारेलच, कोल्हापूरच्या मुलीचा ब्लूजशी काय संबंध? चिडू नकोस, प्रश्न रास्त आहे. क्रम्बने तो स्वतःलाच विचारला होता. १९७५ च्या एका चित्रकथेत त्याने टॉमी ग्रेडी नावाचा एक काल्पनिक गायक रंगवला. तो तबकडी करतो आणि थोड्याच काळात मारला जातो. पुढे अनेक वर्षांनी एक गोरा संग्राहक दारोदार फिरून ती तबकडी मिळवतो आणि मित्रांना आपल्या दिवाणखान्यात ऐकवतो. सगळे खूश. टॉमीला त्यातलं काहीच मिळत नाही. क्रम्ब स्वतःही त्यांच्यातलाच एक संग्राहक होता.

म्हणून प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली नाव, गाव, तबकडीचं साल आणि कंपनी लिही. 'एक ब्लूज गायक' असलं मोघम काही नको. चित्रं विकली गेली तर थोडे पैसे माउंट झायन मेमोरियल फंडाला पाठव. मिसिसिपीत अशा गायकांच्या कबरींवर दगड बसवण्याचं काम ते करतात. कॅनव्हासचा खर्च आधी वजा कर, त्यात संकोच नको.

पॅटन मात्र नव्याने काढ. बो-टायसकट. झाला की फोटो पाठव, आईलाही बघायचाय. ती म्हणते, डोळ्यांतलं पाणी चांगलं होतं. तिचं ऐकू नकोस.

तुझे,
बाबा