आरटीईच्या टेबलावर बसलेल्यांचे आभार

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचे अर्ज भरून द्यायला जे रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसले, त्यांचे मनापासून आभार. नावं छापू नका, अशी त्यांचीच तंबी आहे.

खरी कसोटी ऑनलाइन अर्जातल्या नकाशावरच्या लाल बलूनची, म्हणजे घर कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेची. शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं. तो भलत्याच गल्लीत पडला, तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश हुकतो. म्हणून ही मंडळी मोबाइल घेऊन थेट पालकांच्या उंबऱ्यावर उभी राहिली, बलून तिथेच लावला. भाडेकरूंना आधीच बजावलं: करार नोंदणीकृतच हवा, आणि अर्जाआधीचा. जन्मदाखल्यावर 'श्रेयश', आधारवर 'श्रेयस', हे पकडणाऱ्या ताईंच्या नजरेला दाद द्यावी तेवढी थोडी.

खुल्या गटासाठी १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलच्या रांगेत आजी-आजोबांऐवजी कॉलेजची पोरं उभी राहिली. आणि झेरॉक्सवाले काका, तुम्ही पैसे घेतलेच नाहीत, हे काही बरं नाही!

कुणाचे मूळ दाखले चुकून टेबलावर राहिले असतील, तर निळ्या फाइलमध्ये जपून ठेवलेत. घेऊन जा.