17 तासांचा सांगून विकलेला 30 तासांचा प्रवास

पुणे, 9 सप्टेंबर 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को प्रवासाचे चुकीचे तास दाखवल्याबाबत

महोदय,

माझ्या आईचे 3 सप्टेंबरचे लंडनमार्गे तिकीट मी आपल्या संकेतस्थळावरून काढले. त्यावर 'एकूण प्रवास 17 तास 15 मिनिटे' असे ठळक छापले होते. आई 72 वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे आणि ती एकटीच जाणार होती. म्हणून मी 22 तासांचा दुसरा पर्याय सोडून हा घेतला. त्या पर्यायाचे तास मात्र बरोबर होते, हे मी आता मोजून पाहिले आहे.

दोन्ही विमाने वेळेवर असूनही आईला 29 तास 45 मिनिटे लागली. मुंबईहून पहाटे 2:30 ला निघायचे, तिकडे संध्याकाळी 7:45 ला पोहोचायचे; आपण या दोन वेळांची सरळ वजाबाकी केलीत. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ सप्टेंबरमध्ये आपल्या साडेबारा तास मागे असते. नेमके तेवढेच तास आपल्या हिशेबातून गळाले.

अंतर पाहिले असते तरी चूक कळली असती. मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर, तिथून पुढे सुमारे 8,600. ताशी 900 किलोमीटरने कुठेही न थांबता गेले तरी साडेसतरा तास होतात. आईला तर लंडनला नऊ तास थांबायचे होते.

डॉक्टरांनी इन्सुलिनच्या आणि खाण्याच्या वेळा आपल्याच आकड्यावरून लिहून दिल्या होत्या. पुण्यात रात्री पावणेआठला, आई पोहोचली असेल म्हणून मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, इथे आत्ता सकाळ आहे, विमान संध्याकाळी येणार." त्या वेळी आई लंडनच्या विमानतळावरच होती आणि पुढचे विमान सुटायला अजून दीड तास होता. डॉक्टरांना घरी फोन करून नवीन वेळा तिच्यापर्यंत पोहोचवेपर्यंत माझे हातपाय गळाले होते. आदल्या रात्री आठला कोथरूडहून निघालेली आई छत्तीस तास प्रवासात होती.

आपल्या प्रतिनिधीने "वेळा स्थानिक असतात, तसे खाली लिहिले आहे" एवढेच उत्तर दिले. वेळा स्थानिक असतात म्हणूनच त्यांची वजाबाकी चालत नाही.

आईचे परतीचे तिकीट 12 नोव्हेंबरचे, त्याच मार्गाने आहे. ते कोणतेही शुल्क न घेता कमी थांब्याच्या विमानावर बदलून द्यावे. अमेरिकेत 2 नोव्हेंबरला घड्याळे एक तास मागे जातील आणि फरक साडेतेरा तासांचा होईल, तेव्हा नवे तास नीट मोजून लेखी कळवावेत. संकेतस्थळावरचा हिशेबही दुरुस्त करावा, कारण उद्या आणखी कोणाची तरी आई याच आकड्यावर विसंबून निघेल.

15 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करीन.

आपली,
प्रवाशाची मुलगी
कोथरूड, पुणे

सोबत: तिकिटाची प्रत, दोन्ही बोर्डिंग पास