एकसष्टाव्या क्रमांकाच्या दात्यास

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ते कधी जाहीर झालं नाही आणि ते शोधून काढावं असं मला वाटतही नाही. एचआयव्हीतून पुरते बरे झालेले जगातले पहिले माणूस, बर्लिनचे पेशंट टिमोथी रे ब्राऊन यांनी आपल्या आजारपणाबद्दल लिहून ठेवलंय, त्यात तुमच्यापुरता फक्त एक आकडा येतो. मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून रक्तातल्या सगळ्या पेशी तयार होतात त्या पेशी, देऊ शकतील असे त्यांच्याशी जुळणारे दाते 267 निघाले, डॉक्टर एकेकाचं जनुक तपासत गेले आणि 61 व्या क्रमांकाला तुम्ही सापडलात. म्हणून या पत्रावर तोच पत्ता घातलाय.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी सेंटरवर चौदा वर्षं समुपदेशक होते. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करायच्या, त्या चुकवू नका म्हणून सांगायचं, घरात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही ते ठरवायला मदत करायची, हे माझं काम. सगळं बोलून झालं की माणूस उठायचा आणि दाराशी जाऊन परत वळायचा. "मॅडम, हे मुळातून जाईल असं काही निघालंय का?" सुरुवातीला मी "गोळ्या वेळेवर घ्या" एवढंच म्हणायचे. पुढे बर्लिनची बातमी आली आणि मला खोटं न बोलता सांगता येऊ लागलं, "एक माणूस बरा झालाय." ते वाक्य माझ्या तोंडी तुमच्यामुळे आलं.

एक बाई दर महिन्याला यायच्या. गोळ्यांची बाटली हातात पडली की बाहेरच्या बाकावर बसून नखानं लेबल खरवडून काढायच्या आणि पिशवीत गोळ्या वाजू नयेत म्हणून बाटलीत कापूस भरायच्या. घरी ती बाटली रक्तवाढीच्या गोळ्यांची म्हणून फळीवर राहायची. त्यांनाही मी बर्लिनची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता विचारतील, "हे मला मिळंल का?" त्यांनी विचारलं, "ज्यानं दिलं, तो त्या माणसाच्या वळखीचा व्हता का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्यानं दिलं कशापायी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तोवर ती गोष्ट मी विज्ञानाची म्हणूनच सांगत आले होते. तुमचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

विज्ञान मी त्यांना घराच्या भाषेत सांगितलं होतं. विषाणू पांढऱ्या पेशीच्या दाराशी येतो आणि आधी उंबऱ्याला हात लावतो. तो उंबरा म्हणजे सीडी फोर. पण तेवढ्यानं आत शिरता येत नाही, दाराची कडी धरावी लागते. तिचं नाव सीसीआर फाइव्ह. तुम्हाला आई आणि वडील दोघांकडूनही या कडीचं जनुक अपुरं मिळालं, त्यातली 32 अक्षरं गळलेली. त्यामुळे तुमच्या पेशींच्या दारावर कडी बसलीच नाही. उत्तर युरोपात मूळ असलेल्यांत शंभरातल्या एखाद्याला असं दोन्हीकडून मिळतं. आपल्याकडे ते जवळजवळ सापडतच नाही.

हे कळलं 1996 मध्ये, आणि त्यासाठीही कुणीतरी आपलं रक्त देऊ केलं होतं. न्यूयॉर्कचे चित्रकार स्टीव्ह क्रोन. त्यांचे जोडीदार 1982 मध्येच गेले, मग एकामागून एक मित्र गेले. आपल्यालाच काही कसं होत नाही, हा प्रश्न घेऊन ते स्वतः संशोधकांकडे गेले. प्रयोगशाळेत त्यांच्या पेशींवर विषाणूंचा मारा करून पाहिला, पण सीडी फोर पेशींना लागण होईना. कारण हीच न बसलेली कडी. सगळे गेल्यावर मागे उरण्याचं दुःख मात्र त्यांना सुटलं नाही. 2013 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तुम्हाला लिहिताना त्यांचे आभार राहून जाऊ नयेत.

ब्राऊन यांना एचआयव्ही असल्याचं 1995 मध्ये समजलं, तेव्हा ते बर्लिनमध्ये राहत होते. गोळ्यांवर अकरा वर्षं ठीक गेली. 2006 मध्ये एके दिवशी जेवायला सायकलवरून निघाले आणि मैलभराच्या वाटेतही त्यांना मध्येच उतरावं लागलं, इतका थकवा. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. त्यांचे डॉक्टर गेरो ह्युटर रक्तविकाराचे, एचआयव्हीचे नव्हेत. नव्या मूलपेशी द्यायच्याच आहेत तर कडी नसलेल्याच का देऊ नयेत, हा विचार त्यांचा. ब्राऊन आधी नको म्हणाले. कर्करोग उलटला तेव्हा तयार झाले. फेब्रुवारी 2007 मध्ये तुमच्या पेशी त्यांच्या अंगात गेल्या आणि त्याच दिवशी त्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी रक्तात विषाणू सापडेना.

पण कर्करोग पुन्हा आला. 2008 च्या सुरुवातीला दुसऱ्यांदा मूलपेशी द्यायची वेळ आली आणि त्या तुमच्याच होत्या.

मी सारखी इथेच थांबते. मूलपेशी रक्तातून घेतात तेव्हा दात्याला आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यानं हाडं ठणकतात. मग दोन्ही हातांना सुया लावून काही तास यंत्राशेजारी पडून राहायचं. पहिल्यांदा माणूस भरात हो म्हणून जाईलही. दुसऱ्यांदा फोन येतो तेव्हा हाडं कशी दुखली होती ते त्याला पक्कं ठाऊक असतं. समोरचा कोण, कुठला, वाचेल की नाही, काही माहीत नसताना तुम्ही परत गेलात. कडी नसलेलं दार तुम्हाला जन्मानं मिळालं. ते दुसरं "हो" मात्र तुमचं स्वतःचं होतं आणि मी हात जोडते ते त्याला.

दुसऱ्या खेपेनंतर ब्राऊन यांचे फार हाल झाले. दृष्टी जवळजवळ गेली, चालणं नव्यानं शिकावं लागलं. तरी 2010 मध्ये त्यांनी आपलं नाव जगाला सांगितलं, कारण बरं झालेला एकटाच माणूस त्यांना राहायचं नव्हतं. 29 सप्टेंबर 2020 ला ते गेले, कर्करोग परत आल्यानं. एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नाही.

तुमच्या देणगीचा आमच्याकडे एकदा गैरवापरही झाला, तेही सांगते. एका भोंदूनं "जर्मनीतला इलाज" म्हणून भुकटी विकली. आमच्या एका तरुण पेशंटनं ती घेतली, गोळ्या सोडल्या आणि सहा महिन्यांनी तो टीबी घेऊन परत आला. तेव्हापासून मी गोष्ट पुरी सांगू लागले. हा उपाय कर्करोगानं आधीच मरणाच्या दारात नेलेल्या माणसासाठी आहे, त्यात जीव जाऊ शकतो. जर्मनीतच एसेन शहरात एका पेशंटला कडी नसलेल्या पेशी दिल्या, तरी विषाणू उलटला, कारण तो दुसऱ्या कडीनं शिरणारा निघाला. उलट जिनिव्हाच्या पेशंटला साध्या, कडी असलेल्या पेशी मिळाल्या आणि तरी गोळ्या थांबवल्यावर विषाणू दिसलेला नाही. म्हणजे नव्या पेशी जुन्या पेशींना हुसकावतात, त्याचाही यात वाटा असणार. संशोधक आता पेशंटच्याच पेशी बाहेर काढून त्यांची कडी कापून पाहताहेत. लंडन आणि ड्युसेलडॉर्फचे पेशंटही तुमच्यासारख्याच दात्यांमुळे बरे झाले. यातलं प्रत्येक पाऊल बर्लिनच्या त्या खाटेपासून निघालंय.

आमच्या बहुतेक लोकांसाठी आजही उपाय म्हणजे रोजची एक गोळी. ती नेमानं घेतली की रक्तात विषाणू सापडत नाही आणि तेव्हा तो शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. त्या बाईंच्या रिपोर्टवर आता कित्येक वर्षं "विषाणू आढळला नाही" असंच येतं. मागे बाजारात भेटल्या. हळूच विचारलं, "त्यो दुसऱ्यांदा देनारा मानूस बरा हाय न्हवं?"

माझं वय मूलपेशीदाता म्हणून नाव नोंदवण्याच्या पुढे गेलंय. माझ्या मुलीनं कॉलेजच्या शिबिरात गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना दिला. नाव नोंदवलेल्या बहुतेकांना कधी बोलावणं येत नाही, हे तिला माहीत आहे. तरी मागच्या महिन्यात नंबर बदलला तेव्हा बँकेच्याही आधी तिनं तो नोंदणीवाल्यांना कळवला.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एआरटी सेंटरवरची एक समुपदेशक