त्या दुकानातून आता काही येणार नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं तर बाबा मध्येच "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन आईकडे देतील आणि माझं अर्धं बोलणं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे.

त्या दुकानातलं आपलं खातं मी सोमवारी बंद केलं. दर महिन्याला तुमच्याकडे येणारं सामानही थांबवलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे कळतं मला. पण तुम्ही "कशाला उगीच" म्हणाला असतात आणि मी आणखी महिनाभर चालढकल केली असती.

तुमचं काहीही अडणार नाही. बाबांचं शेव्हिंग क्रीम, आईचा गुडघ्याचा पट्टा, बाथरूममधली रबरी मॅट, प्रेशरच्या मशीनचे सेल, सगळं दुसरीकडून त्याच कंपनीचं येईल. दर गुरुवारी सकाळी माणूस वर येऊन घरात ठेवून जाईल. पैसे मी भरले आहेत, दारात पाकीट काढायचं नाही. मॅट जुनीच हवी असेल तर राहू द्या, पण तिचा कोपरा वर आला आहे. पाय अडकेल.

आता कारण. आई, चपलांच्या काउंटरवरची ती मुलगी आठवते ना? तुझ्या अंगठ्याजवळ हाड वाढलंय हे तिच्याच लक्षात आलं होतं. जमिनीवर बसून तिने तुझी टाच तळहातावर घेतली, पट्टा एक भोक सैल केला आणि चपलेच्या टोकाशी बोट दाबून विचारलं, "मावशी, इथे लागतंय का?" डोक्याला राखाडी रुमाल, कानाशी एक पिन. चार वर्षं त्याच रुमालात ती त्या काउंटरवर होती.

नवे मॅनेजर आले आणि त्यांनी तिला रुमाल काढायला सांगितलं. कस्टमरसमोर बरं दिसत नाही म्हणे. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिला खाली गोडाऊनमध्ये पाठवलं आणि दीड महिन्याने ड्युटी चार्टवर तिचं नावच नव्हतं. हे तिने मला सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. दुकानाचं म्हणणं, युनिफॉर्मचा नियम सगळ्यांना सारखा आहे.

बाबा, तुम्ही लगेच म्हणाल, दोन्ही बाजू ऐकल्यास का? ऐकायचा प्रयत्न केला. हा आरोप आहे, सिद्ध झालेला नाही, हे मी विसरलेले नाही. दोनदा ईमेल केला, एकदा पत्र हातात नेऊन दिलं. एवढंच विचारलं, की रुमाल चालत नाही असं नियमात कुठे लिहिलंय, आणि लिहिलं असेल तर चार वर्षं कसा चालला? त्याच मजल्यावर कुणाच्या गळ्यात क्रॉस आहे, कुणाच्या मनगटाला दोरा आहे. त्यांना कुणी काही बोललेलं नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. बस्स, तेवढंच.

नियम असूच नये असं मी म्हणत नाही. गळ्यातल्या क्रॉसवरून ब्रिटनमधल्या दोन बायकांनी केलेल्या तक्रारींचा निकाल युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०१३मध्ये एकाच दिवशी दिला. विमान कंपनीत चेक-इनला असलेल्या बाई जिंकल्या, कारण कंपनीची छबी जपण्यापलीकडे तिथे ठोस कारण नव्हतं. हॉस्पिटलमधल्या नर्स हरल्या, कारण वॉर्डात पेशंट साखळी ओढू शकतो, ती उघड्या जखमेला लागू शकते. हे मला पटतं. चपलांच्या काउंटरवर रुमालाने कुणाला काय इजा होणार होती?

तिने लेखी परवानगी मागितली नव्हती, असंही तिथल्या एकाने मला ऐकवलं. अमेरिकेत टल्सा शहरात २००८ साली १७ वर्षांची एक मुलगी अबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली होती. मुलाखत चांगली झाली, पण डोक्यावरचा रुमाल 'लुक पॉलिसी'त बसत नाही म्हणून वरून नकार आला. कंपनीचा बचाव हाच, की धर्मासाठी रुमाल बांधू द्या अशी सवलत तिने मागितलीच नव्हती. जून २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो अमान्य केला. सवलत द्यावी लागू नये म्हणून नोकरी नाकारली, तर तो भेदभावच. पण बाबा, त्याला सात वर्षं लागली, आणि तिच्या बाजूने सरकारी आयोग उभा होता. आपल्या या मुलीला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचं आहे.

बहिष्कार हा शब्द तुम्हाला आवडत नाही, माहीत आहे. तुम्हाला माणसांना वाळीत टाकणं आठवतं. म्हणून मी तो शब्द त्या पत्रात वापरला नाही. मालकाचा धर्म बघून दुकान टाळणाऱ्यांत तुमची मुलगी कधीच नसेल. खातं बंद करताना कारण स्पष्ट लिहून दिलं, की तटस्थ चौकशी करा, आरोप खोटा निघाला तर मी परत येईन आणि चुकले असंही लिहून देईन. कारण न सांगता गेले असते तर त्यांच्या हिशेबात फक्त एक गिऱ्हाईक कमी झालं असतं. तिलाही आधी विचारलं होतं. ती म्हणाली, दुकान बंद पडायला नको, बाकीच्यांच्या नोकऱ्या आहेत तिथे, मला माझा काउंटर परत हवा.

बाबा, तुमची ती बदली. जास्त लिहीत नाही, आईला अजून त्रास होतो. पण तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि आपल्याकडे आले ते फक्त वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्या हातात काहीच नव्हतं, तरी येऊन बसले. मी दाराआडून बघत होते.

एका गोष्टीचं मात्र मला खरंच वाईट वाटतंय. लिफ्टजवळचा तो बाक. आईची खरेदी होईपर्यंत तुम्ही तिथे पेपर वाचत बसता, गार वाटतं, दोन ओळखीचे भेटतात. तो मी हिरावून घेतला असं वाटून घेऊ नका. तुम्हाला जावंसं वाटलं तर खुशाल जा, माझ्याकडून बंदी नाही. फक्त एकटे बसने जायचं नाही. आणि तिथे जाऊन मॅनेजरशी वाद घालायचा नाही. मी ओळखते तुम्हाला, आवाज चढतो आणि मग दोन दिवस प्रेशर उतरत नाही. संध्याकाळची गोळी जेवणानंतर, आधी नाही. आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढू नकोस. मी आले की काढीन.

राहिल्या तुझ्या चपला. त्या मुलीने नव्या दुकानासाठी माप मागितलंय, ती स्वतः बघून सांगणार आहे. शाळेच्या बुटांसाठी तू मला वर्तमानपत्रावर उभं करायचीस ना, तसंच कर. मला गुदगुल्या व्हायच्या आणि तू घोटा घट्ट धरून ठेवायचीस. या वेळी तू उभी राहा आणि बाबांना काढू दे. तू भिंतीला धर. बाबा, पेन सरळ उभं धरा, तिरकं धरलं तर माप चुकतं. दोन्ही पावलांचं काढा, डावं जास्त सुजतं. आणि संध्याकाळी काढा, सकाळी नको.

तुमची,
ताई